लांब भोंगा

बुटांच्या त्या कारखान्यात भोंग्याला दोनच शब्द येत होते. वॉचमनने लांब वाजवला, म्हणजे तपासनीस फाटकाशी आला. तुटक वाजला, म्हणजे गेला, सोडा श्वास.

लांब भोंगा झाला की सोल चिकटवणाऱ्या बायका हातातलं टाकून जिना चढायच्या आणि माळ्यावर, रिकाम्या खोक्यांच्या खोलीत जाऊन बसायच्या. त्यांची नावं हजेरीत नव्हती, आणि कागदावर नसलेलं माणूस तपासनिसाला दिसून चालत नाही. आतून त्या कडी लावायच्या. बाहेरून अडसर घालायची थोरली, आणि वर खोकी रचून दारच नाहीसं करायची. ती त्या खात्याची मुकादम. नियमही तिचेच: बोलायचं नाही, खोकायचं नाही, आणि सख्ख्या आईने हाक मारली तरी तुटक भोंग्याशिवाय कडी काढायची नाही. एकदा एक तपासनीस जिन्यात उभा राहून मधाळ आवाजात म्हणाला होता, "या गं खाली, चहा आलाय." आतून उंदीरसुद्धा हलला नव्हता. थोरलीला त्याचा अभिमान होता.

त्या बायकांतच तिची धाकटी जाऊ होती. थोरलीनेच तिला कामाला लावलेलं. "वहिनी, तुमच्या भरवशावर पाठवतोय हं," असं दीर म्हणाला होता. सोल चिकटवायच्या सोल्यूशनच्या वासाने धाकटीची छाती हल्ली भात्यासारखी वाजायची, आणि ते ऐकलं की थोरलीला दिराचे शब्द आठवायचे.

यंदा मात्र वारं फिरलं. परदेशातल्या मोठ्या गिऱ्हाइकाने कळवलं, की तुमची सामाजिक जबाबदारी साऱ्या जगाच्या मानकांना धरून असेल तरच माल घेऊ. मॅनेजरने सगळ्यांना अंगणात गोळा करून समजावलं. प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र मिळणार, ओळखपत्र मिळणार, तोंडाला मास्क मिळणार. आग लागली तर बाहेर कसं पडायचं त्याची तालीमही होणार. आणि हे खोटं नव्हतं, हेही सांगायला हवं. चिकटवणाऱ्या बायकांची नावं खरोखर हजेरीत चढली. धाकटीने गळ्यातलं कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"जाऊबाई, फोटोत मी अगदी चोरासारखी दिसते."

"मग? आजवर चोरच होतीस की माळ्यावरची. आता साव झालीस."

तालमीचं मॅनेजरने तोंडीच सांगितलं. भोंगा वाजला की काम टाकायचं आणि अंगणात यायचं. कोणीतरी विचारलं, आगीला वेगळी घंटा नको का?

"आपला भोंगा काय म्हातारा झालाय? आग काय वेगळं गाणं मागते का?" मॅनेजर म्हणाला, आणि सगळे हसले. थोरलीही हसली. भोंगा वाजवून तालीम मात्र कोणी केली नाही. मालाची घाई होती, कामं थांबवायची कोणी?

गिऱ्हाइकाकडून तपासणीला एक परदेशी बाई आली तो दिवस उजाडला. उंच, किडकिडीत, सोबत दुभाष्या. तिने यंत्रं पाहिली, मोऱ्या पाहिल्या, दारं उघडून मिटून पाहिली. बाई कार्यालयाकडे गेली आणि तेवढ्यात भोंगा वाजला. लांब.

हात जे शिकलेले असतात ते डोक्याला विचारायला थांबत नाहीत. ब्रश खाली पडले, बायका जिना चढल्या, आत कडी लागली. थोरलीने अडसर घातला, खोकी रचली, आणि नेहमीची तपासणी समजून बाकीच्यांमागोमाग अंगणात येऊन रांगेत उभी राहिली. कुठे गडबड नाही, गोंधळ नाही. छान झालं, असंच तिला वाटलं.

मग खिडकीतून पांढरा धूर येताना दिसला.

"ते काय?" तिने शेजारच्या गड्याला विचारलं.

"तालमीचा धूर हो, मुकादमबाई. जिन्याखाली डबा पेटवलाय. जरा खरं वाटायला नको?"

तालीम! धूर वर चढतो. वर माळा होता.

परदेशी बाई रांगा मोजत होती. ती थांबली, दुभाष्याशी बोलली. "चिकटवणाऱ्या बायका दिसत नाहीत?"

मॅनेजरने थोरलीकडे पाहिलं, आणि त्याच्याही लक्षात आलं. "रजेवर आहेत," तो म्हणाला. "आज सगळ्या रजेवर."

त्याच्या डोळ्यांत आदेश नव्हता, विनवणी होती. माळा उघडला तर गिऱ्हाईक जाणार, कारखाना बसणार, या रांगेतल्या प्रत्येकाची चूल विझणार. थोरलीला ते कळत होतं. पण त्या धुरात कोणी खोकणार नाही, हेही तिलाच ठाऊक होतं. तिनेच शिकवलं होतं.

ती धावली.

जिन्यात पाऊल दिसत नव्हतं. नाकाशी बाही धरून ती वर पोचली, खोकी भिरकावली, अडसर ओढला. दार हललं नाही. आतून कडी होती.

"उघडा! मी आहे!"

काही नाही.

"धाकटे, अगं आगीची तालीम आहे ही! उघड!"

आत कोणाच्या तरी तोंडावर कोणीतरी हात दाबून धरल्यासारखा कोंडलेला आवाज झाला. मग धाकटीची कुजबुज आली, "गप्प बसा गं. जाऊबाईंना पुढे घालून फसवताहेत."

थोरलीने दारावर डोकं आपटलं. मग ती वळली, जिन्यावरच्या खिडकीशी गेली आणि गजांतून ओरडली, "वॉचमन! भोंगा वाजव! तुटक वाजव! बायका माळ्यावर कोंडल्यात!"

वॉचमनने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने परदेशी बाईकडे.

"साहेब, माझी जाऊ मरेल हो!"

मॅनेजरची मान हलली न हलली. भोंगा तुटक वाजला.

लगेच कडी निघाली. बायका बाहेर आल्या, डोळे लाल, तोंडावर हात. खाली मोकळ्या हवेत येईपर्यंत एकही खोकली नाही. धाकटीला दोघींनी उचलून आणलं. तिचे ओठ निळसर झाले होते. थोरलीने तिला मांडीवर घेतलं, पाठ चोळली, "घे गं, श्वास घे, घे" म्हणत राहिली. बऱ्याच वेळाने भाता पुन्हा वाजू लागला.

धाकटीने डोळे उघडले. समोर वाकलेली परदेशी बाई दिसताच ती दचकली आणि अंग चोरून थोरलीच्या पाठीमागे सरकू लागली. "झाका मला, जाऊबाई," ती घरघरत म्हणाली.

दुभाष्या पुढे आला. "बाई विचारताहेत, दार कोणी लावलं?"

"त्याचं असं आहे..." मॅनेजरने तोंड उघडलं.

"मी लावलं," थोरली म्हणाली. "चला वर. कसं लावते ते दाखवते. आजच नव्हे, आजवर किती वेळा लावलं तेही सांगते."

"नका हो," धाकटीने तिची बाही गच्च धरली. "सगळं जाईल."

थोरलीने तिचं एकेक बोट सोडवलं आणि उठली. पहिल्याच पायरीवर ती अशी लटपटली, की परदेशी बाईने तिचं कोपर धरलं, आणि दोघी त्या धुरात वर चढू लागल्या.