परसातली मेथी

शाळेतल्या आयाच्या नोकरीतून मोकळी झाल्यावर चंपाबाईनं घरामागच्या उघड्या जागेत वाफे केले. शेणखत, कडुनिंबाचा पाला, शेण-गोमूत्रात गूळ-बेसन कालवून केलेलं जीवामृत. फवारणीचा एक थेंब नाही. मेथी-पालक असा माजला की गल्लीतल्या बाया बघायला यायच्या. "माझ्या नातीच्या पोटात बाजारचं विष जायचं नाय," असं ती प्रत्येकीला ऐकवायची. चार वर्षांची निशा दिवसभर आजीमागं मातीत असायची. मुळा उपटायची, फ्रॉकला पुसायची आणि तिथंच खायची.

उन्हाळ्यात निशाचं पोट दुखायला लागलं. मग चेहरा पांढराफटक पडला. दहापर्यंत आकडे म्हणणारी पोर तीनावरच अडायला लागली. रक्त वाढावं म्हणून चंपाबाईनं तिला आणखी पालक चारला.

औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. "हिच्या रक्तात शिसं आहे. तुमच्या घराच्या जागी पूर्वी काय होतं?"

चंपाबाईला ठाऊक नव्हतं, तिच्या सुनेला, मोनालीलाही नव्हतं. ज्याच्याकडून जागा घेतली होती त्या बद्रीनाथचं घर मागच्याच गल्लीत होतं. चंपाबाई दवाखान्यातून थेट तिकडं गेली.

"जुन्या बॅटऱ्या फोडायचे तिथं," बद्रीनाथ खाली बघत म्हणाला. "शिसं वितळवायचे. बारा वर्षं चाललं ते."

"मंग मला सांगितलं का नाय?"

"तुम्ही घर बांधायचं म्हणला होता, चंपाबाई. भाजी लावायची, असं कुठं म्हणला?"

त्याची गचांडी धरावी असं तिला वाटलं. पण तेवढ्यात तिला मेघा आठवली आणि ती तशीच तिच्या दारात गेली. शेजारच्या मेघाला सातवा महिना होता. तिला रोज सकाळी मेथीची जुडी चंपाबाई स्वतः नेऊन द्यायची.

"मेघा, माझी भाजी टाकून दे. आजच जाऊन रक्त तपासून घे. माझ्या मातीत शिसं हाय."

मेघाचा हात पोटावर गेला. "मावशी, मी तर लई खाल्ली," एवढंच ती बोलली आणि तिनं दार लावून घेतलं.

चंपाबाई भाजी दिलेली आणखी नऊ घरं फिरली. दोन ठिकाणी शिव्या खाल्ल्या. एक म्हातारी हसून म्हणाली, "शेणखताची भाजी कधी बाधती व्हय?" तिला पटवण्यात तासभर गेला.

मुलानं, राजेंद्रनं, दुसऱ्या दिवशी सगळं उपटून परसात कोबा करून घेतला.

मेघाचं बाळ आठव्या महिन्यातच झालं, जेमतेम दीड किलोचं. ते भाजीमुळं झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. नाही, असंही म्हणाले नाहीत. चंपाबाई बघायला गेली, तर मेघाच्या सासूनं तिला दारातूनच परत पाठवलं.

निशाला औषधं चालू आहेत. हाडात गेलेलं निघायला वर्षं लागतील, असं डॉक्टरबाईंनी सांगितलंय. घरात चंपाबाईला कुणी बोल लावत नाही. फक्त निशाचं ताट आता मोनाली वाढते, आणि पोरीचं जेवण होईपर्यंत जागची हलत नाही.