मामांच्या दर्जा

रेणापूरला बारशाच्या पंगतीतला मठ्ठा आम्हा सगळ्यांनाच बाधला. बाकीचे दोन दिवसांत उठून कामाला लागले. सटवाजीमामांना मात्र थंडीताप भरून लातूरच्या दवाखान्यात सलाइन लावावं लागलं.

"जंतू आतड्यातून रक्तात उतरले होते," डॉक्टर म्हणाले. "या खेपेला निभावलं. दारू चालूच राहिली तर पुढच्या खेपेचं मी सांगू शकत नाही."

मामांना पटेना. ते गवंडी. किल्लारीच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये हगवणीची साथ आली, तेव्हा ते रोज पीत होते आणि त्यांना काही झालं नव्हतं. तेव्हापासून 'दारूनं जंतू मरतात' हे त्यांचं शास्त्र.

"सुई टोचायच्या आधी नर्सबाई स्पिरीट लावती का न्हाई? मी आतून लावतो."

"लई लावलं आतून," कस्तुरामामी म्हणाल्या. "म्हणून तर हितं आलाव."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झालेली, लातुरात क्लासमध्ये बारावीला जीवशास्त्र शिकवते. मामांनी ऐकलं तर माझंच ऐकतील, अशी मामींना आशा होती.

"मामा, जंतू मारण्याइतकी कडक दारू आतड्यापर्यंत पोचतच नाही," मी म्हणाले. "वाटेतच पातळ होते. जंतू राहतात मजेत. उलट आतड्याच्या बचावाचा दर्जा ढासळतो."

मामा कोपरावर उठले. "आतड्याला दर्जा असत्यात?"

मला क्षणभर कळलंच नाही. मी म्हणाले होते तो गुणवत्तेचा दर्जा; मामांनी ऐकल्या त्या गवंड्याच्या दर्जा, दगडांमधल्या फटी. त्या सिमेंटनं भरण्यात मामांचा जन्म गेला. मी चूक दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि थांबले. कारण सूक्ष्मदर्शकाखाली ते तसंच तर दिसतं!

"असतात," मी म्हणाले. "आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींच्या एकाच थराची भिंत. पेशीला पेशी लागून, मधल्या दर्जा घट्ट भरलेल्या. दारूनं त्या ढिल्या पडतात. मग जंतू पलीकडे जातात."

"एकच थर? आन् राखणीला कोन न्हाई?"

"पहारा देणाऱ्या पेशी असतात. पण दारूनं त्याही सुस्तावतात."

"वॉचमनच पिऊन पडल्यावर चोराला काय," मामी म्हणाल्या.

मामा हसले नाहीत.

"किल्लारीकडं दगड शाबूत होते, ऋतू," ते म्हणाले. "मधली माती सुटली, आन् घरं बसली." मग त्यांनी विचारलं, "ह्या दर्जा परत भरत्यात का?"

"दारू थांबली की आतडंच भरतं. अस्तराच्या पेशी चार-पाच दिवसांत नव्या होतात. भिंत पक्की व्हायला थोडे जास्त लागतील."

"चार-पाच दिवसांत?" मामांचे डोळे चमकले. "आमच्या सिमेंटला तर किती दिवस पाणी मारावं लागतं!"

"मग इथेही मारा. साधं पाणी."

घरी सोडताना त्यांनी स्वतःच डॉक्टरांकडे दारू सुटायच्या गोळ्या मागितल्या.

महिन्याभरानं मामींचा फोन आला. आवाजात हसू मावत नव्हतं.

"रोज दिवेलागणीला तुजे मामा तांब्या घिऊन वट्ट्यावर बसत्यात. जुने दोस्त बोलवाय आले की म्हणत्यात, जावा तुमी, माजं काम ताजं हाय, पाणी मारायलोय."