‘ले’च्या जागी ‘ला’

साल दोन हजार दहा. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा होऊन अकरा वर्षं झाली होती, आणि आमचं मोहघाट धरणाच्या पाण्याखाली जाऊन दोन.

मोहघाटात मी एकतीस वर्षं शिकवलं. वैनगंगेच्या काठचं दीडशे घरांचं गाव ते. चैत्रात पोरं पहाटे मोहफुलं वेचायची आणि शाळेत येताना हातांना तो गोडसर वास घेऊन यायची. पाटीवरून हात फिरवला की पाटीलाही तो वास लागायचा. गाव उठलं तेव्हा सगळं मिळून एका जागी गेलं नाही. निम्मे लोक नव्या गावठाणात आले, काही आसगावला, काही दिघोरीला सोयऱ्यांकडे. तरणी पोरं नागपूर, रायपूर, सुरत अशी पांगली. ज्यांच्या भिंतीला भिंत होती त्यांना एकमेकांचा पत्ता ठाऊक नव्हता.

म्हणून अश्वजित आणि गुंजन यांनी गावाची वेबसाइट करायचं ठरवलं. दोघंही माझ्याच हाताखाली शिकलेले. अश्वजित विहाराजवळच्या परसरामचा मुलगा, भंडाऱ्याला पॉलिटेक्निकला होता. गुंजन कापगत्यांची, पवनीच्या कॉलेजात संगणक शिकत होती. बेत साधा होता. पानावर एकच चौकोन. त्यात आडनाव टाकायचं, की ते घर आता कुठे आहे, फोन कोणता, आणि घरातल्या माणसाला गावाला काय सांगायचं आहे, ते खाली येणार. गुंजन घरोघर, गावोगाव फिरली. जो जसा बोलला तसं तिनं वहीत उतरवलं.

त्या वहीच्या बाराव्या पानावर रुखमा लेंडे होती.

रुखमा माझ्याच वयाची. रोवण्याच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत शाळेच्या खिडकीतून मला ती शेताच्या बांधीत वाकलेली दिसायची. तिच्या रांगेतला धान ओळखू यायचा, इतका सरळ. तिला एकच मुलगा, योगेंद्र. पाणी यायच्या आधी तो म्हणत होता, माय, चाल, आता निघू. ती म्हणत होती, तुह्या बापाले इथं जाळलं, मी इथून हलत नाही. भांडण वाढलं आणि एके दिवशी भरल्या अंगणात ती म्हणाली, “जा, तू माह्यासाठी मेला.” तो गेला. सुरतेला आहे एवढंच कळलं. फोन नाही, चिठ्ठी नाही.

आता ती दिघोरीला भाचीकडे होती; तिथं गुंजनबरोबर मीही गेले होते. किडन्या निकामी झालेल्या. किती दिवस उरलेत, ते भाचीनं आम्हाला बाहेर येऊन सांगितलं. रुखमाला कुणीतरी सांगितलं होतं की ही पेटी, म्हणजे आमची वेबसाइट, सुरतेतही दिसते. ती गुंजनला म्हणाली, “माहा निरोप घाल पेटीत.” आणि सांगितलं ते असं: “योगेंद्रले सांगा, मायनं बोल वापस घेतला. दम आहे तोवर भेटाले ये. मले दुसरं काही नाही पायजे.”

काम नव्या गावठाणातल्या समाजमंदिराच्या खोलीत चालायचं, एका जुन्या संगणकावर. पहिल्याच दिवशी दोघांचं जुंपलं ते एडिटरवरून. एडिटर म्हणजे वर्तमानपत्राचा संपादक एवढंच मला माहीत. हे निराळं होतं. वेबसाइटचा मजकूर आणि तिला चालवणाऱ्या सूचना ज्यात लिहायच्या, त्यालाही एडिटर म्हणतात. अश्वजितला संगणकात आधीपासून असलेलं नोटपॅड पाहिजे होतं. गुंजननं कॉलेजातून दुसरं एक आणलं होतं, त्यात अक्षरं रंगीत दिसायची.

“तुले रंगपंचमी खेळाची आहे का?” अश्वजित म्हणाला. “हा डब्बा आधीच धापा टाकून राहिला. त्याच्यावर तुहं वजन कायले?”

“तुह्या नोटपॅडात चूक दिसतच नाही, म्हणून तुले ते आवडते.”

“चूक करतच नाही तं दिसन काहून?”

त्यानं त्या दिवशी चाळीस घरं लिहून जतन केली आणि पुन्हा उघडली, तर सगळं मराठी जाऊन नुसती प्रश्नचिन्हं. जतन करताना कुठला तरी पर्याय निवडायचा राहिला होता. गुंजन हसून हसून बाकावर आडवी झाली. “पाहा बाई, अख्खं गाव विचारून राहिलं, आम्ही कुठं गेलो?” अश्वजितनं मुकाट्यानं चाळीस घरं पुन्हा लिहिली, पण हट्ट सोडला नाही. शेवटी दोघं माझ्याकडे वळली. “बाई, तुमीच सांगा.”

मी दोन्ही पाहिले. रंगीत एडिटरमध्ये एक शब्द निळा, एक जांभळा, मधेच करडा. मला ते पान तपासून वाया गेलेल्या वहीसारखं वाटलं. नोटपॅड पांढरं, स्वच्छ.

“हे घ्या,” मी म्हणाले. “वहीसारखं आहे.”

“बाई, याच्यात मागं जाता येत नाही,” गुंजन म्हणाली. “एकच पाऊल मागं, बस. माह्याच्यात कितीही मागं जाता येते. शब्द बदलाचा असला तं पूर्ण शब्द पाहून बदलते. हे नुसतं अक्षर पाहते.”

“मग चुकू नये माणसानं,” मी म्हणाले.

एकतीस वर्षं मी हे वाक्य वर्गात म्हणत आले होते. त्या दिवशीही तसंच म्हटलं.

मजकूर टाकून झाला तेव्हा मी वाचायला बसले. मले, तुले, गावाले, भेटाले. माझ्या डोळ्यांना ते टोचलं. हे पुण्यामुंबईचे लोक वाचणार आणि म्हणणार, यांना शिकवणारी बाई कोण होती?

“हे सगळं सुधारा,” मी म्हणाले. “मले नाही, मला.”

“पण बाई, ते तसंच बोलले,” गुंजन म्हणाली.

“बोलणं वेगळं, लिहिणं वेगळं.”

 अश्वजित म्हणाला, “एका मिनटात होते बाई.” त्यानं एका खणात ‘ले’ लिहिलं, दुसऱ्यात ‘ला’ लिहिलं, आणि रिप्लेस ऑल दाबलं. मग खाली सरकून ‘दिघोरी’तली एक वेलांटी नीट केली, आणि वर येऊन पाहतो तर ‘पाणी आला’, ‘लोक गेला’, ‘माही लाक’. त्यानं मागं जायचं बटण दाबलं. फक्त वेलांटी मागं गेली.

 गुंजननं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

पुढचे दोन दिवस आम्ही तिघं ओळ न् ओळ पाहत बसलो. मजाही आली, खोटं कशाला बोलू? आडनाव नसेल तर ‘घर सापडले नाही’ असं वाक्य यायचं होतं, ते ‘घर सापडला नाही’ झालेलं. “बाई, घराचा पोरगा झाला!” अश्वजित ओरडला. ते सुधारलं. ‘लाक’ची ‘लेक’ केली, ‘भेटाला’चं ‘भेटायला’ केलं. माझ्या समोर वही होती, पण मी वहीशी ताडून पाहत नव्हते. मी व्याकरण तपासत होते. शेवटी चौकोनात ‘कापगते’ टाकलं, घर आलं. ‘मेश्राम’ टाकलं, सात घरं आली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पोळ्यानंतर वेबसाइट सुरू झाली. पंधरा दिवसांनी एकदा मी बसनं दिघोरीला जायची. रुखमाच्या पायांवर सूज चढत चालली होती. मी दारात दिसले की तिचं एकच विचारणं, “पेटीतून काही आलं का बाई?”

“येईल,” मी म्हणायची.

दिवाळी गेली. नंतर नंतर ती विचारायचीही थांबली, फक्त माझ्या हाताकडे पाहायची, जसं काही मी कागद घेऊन आले असेन. पौषात ती गेली. भाचजावयानं अग्नी दिला.

योगेंद्र आला महिन्यानं. सुरतेत कुणाकडून तरी त्याला कळलं होतं. दिघोरीला न जाता आधी माझ्याकडे आला. मी पाट मांडला, तो बसला नाही.

“एकच सांगा बाई. मायनं माहं नाव कापलं होतं का?”

“असं काय बोलतोस?”

“दिवाळीच्या आधी एका पोरानं सांगितलं, आपल्या गावाची वेबसाइट निघाली आहे. मी नेटच्या दुकानात जाऊन लेंडे टाकलं. घर सापडले नाही. चार वेळा टाकलं. मंग म्हटलं, मायनं घरच मिटवलं. आता कोणाले फोन करू, अन् कायले?”

मी त्याला समाजमंदिरात नेलं. अश्वजित तिथंच होता. त्यानं ‘लेंडे’ टाकलं. घर सापडले नाही. मी गुंजनची वही काढली. बारावं पान, रुखमा लेंडे, दिघोरी. मग अश्वजितनं ते पांढरं पान उघडलं आणि एकेक ओळ खाली सरकत गेला. एका ओळीवर थांबला आणि त्यानं हात बटणांवरून उचलून मांडीवर ठेवले.

रुखमा लांडे.

आमच्या गावात लांड्यांची दोन घरं होती. म्हणून ते नाव तिघांच्याही डोळ्यांना खटकलं नव्हतं.

“म्हणजे,” योगेंद्र म्हणाला, “लांडे टाकलं असतं तं माय भेटली असती.”

 त्यानं खाली तिचा निरोप वाचला, सुधारलेला. मग माझ्याकडे वळला.

“बाई, चौथीत तुमी मले शंभर वेळा ‘मला’ लिहाले लावलं होतं. आठवते?”

“आठवते.”

“तिनं काय म्हटलं ते वहीतून वाचा. जसं म्हटलं तसं.”

मी वाचलं. ‘भेटाले’वर माझं बोट थांबलं.  मी पुढचं वाचलं. मले दुसरं काही नाही पायजे.

त्यानं बारावं पान मागितलं. मी ते फाडून दिलं.

योगेंद्र परत आला नाही. नव्या गावठाणात रुखमाच्या नावाच्या जागेवर बेशरमाची झुडपं माजली आहेत. त्याला मुलगी झाल्याचं ऐकलं, नाव कळलं नाही. अश्वजित पुण्याला मोठ्या कंपनीत आहे. दर चौदा एप्रिलला फोन करतो, तब्येत विचारतो, बाकी सगळं बोलतो. गुंजन भंडाऱ्याला कॉलेजात संगणक शिकवते. ‘मी म्हटलं होतं, बाई,’ असं ती एकदाच म्हणाली, माझ्या घरी, चहाचा कप खाली ठेवताना. लगेच रडली आणि माफी मागू लागली. कसली माफी? वेबसाइट चौदा साली बंद पडली. ‘लांडे’ कुणी टाकलंच नसावं; त्या दोन्ही घरांना कधी कुणाचा फोन आला नाही.

मी अठ्ठ्याहत्तरची आहे. पोरं अर्ज तपासायला घेऊन येतात. ‘मले’ दिसलं की लाल पेन उचलला जातो, आणि मग मी तो तसाच खाली ठेवते. वही माझ्याकडे आहे. तिच्यात अकराव्या पानानंतर तेरावं येतं.