पांढरीची चाल

तादाकी कुनियोशी पन्नाशीला टेकला होता, दोन मुलग्यांचा बाप होता, थंडीत त्याचा उजवा गुडघा कुरकुरायचा, आणि गेली वीस-बावीस वर्षं तो पोटासाठी पोरगी व्हायचा. यात हसण्यासारखं काही नाही. रविवारी सकाळी टीव्हीवर रंगीत चिलखतातले पाच वीर राक्षसांना बदडून काढतात, त्यांतली जी मुलगी असते ती मुखवटा चढवल्यावर बहुतेक वेळा मुलगी नसतेच. आत कुनियोशीसारखा एखादा बुटका, काटक बाप्या असतो. चेहरा मुलीचा, आवाज मुलीचा. उड्या, आपटणं आणि काळेनिळे डाग बाप्याचे. मोठ्यांना हे ठाऊक असतं आणि लहानांसमोर कुणी बोलत नाही.

कुनियोशीची कामाची एक रीत होती. वर्षाच्या सुरुवातीला नव्या मालिकेची नवी पोरगी आली, की काही दिवस तो तिच्या मागे मागे चालायचा. लपूनछपून नव्हे, रीतसर सांगून. ती जेवायला निघाली की हा मागे, जिना चढली की हा मागे. चेहरा कुणीही लक्षात ठेवतं. माणूस खरा कळतो तो पाठीमागून, असं त्याचं म्हणणं होतं.

त्या वर्षी मालिका होती घंटावीरांची. पाच देवळांतल्या पाच घंटा, त्यांच्या नादातून पाच वीर. त्यांतली मुलगी, पांढरी घंटा, भित्री होती. संकटाची हाक आली की बाकीचे चौघे पुढे धावायचे आणि ही आधी अर्धं पाऊल मागे सरायची. तिचं काम मिळालं होतं चिनात्सु ओरिहाराला. वय वीस, गाव तोत्तोरीकडचं, घरी नासपतीच्या बागा, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच. पंजे आत वळवून चालायची, आणि घाबरली की सगळा भार मागच्या टाचेवर टाकायची.

"कुनी-सान, मी खरंच बदकासारखी चालते?" तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"असं म्हणू नये. बदकाला राग येईल."

ती इतकी हसली की तिच्या वाटीतलं सूप सांडलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं त्याला 'कुनिताई' म्हणायला सुरुवात केली. सगळ्यांसमोर, मोठ्यांदा. "कुनिताई, आज दाढी नाही का केली? शोभतं का पोरीच्या जातीला?" रंगभूषेच्या खोलीत हशा पिकायचा आणि कुनियोशी गाल खाजवत खोटा खोटा रागवायचा. त्याला दोन्ही मुलगेच. ताई म्हणणारं कुणी घरात नव्हतं, आणि ते त्याला इतकं आवडेल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

चित्रण झालं की ती आवाज द्यायला बसायची. पडद्यावर तो उडी मारायचा आणि ती श्वास भरायची. तो आपटायचा आणि ती कळवळायची. उन्हाळ्यापर्यंत दोघांचं इतकं जुळलं, की पांढरीचं कुठलं वळण तिचं आणि कुठलं त्याचं हे दिग्दर्शिका हागिवारा-सानलाही सांगता येईना.

सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी चिनात्सु कामावर आली नाही. आदल्या संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणून लवकर घरी गेली होती. मेंदूतली एक नस फुटली होती आणि झोपेतच सगळं संपलं होतं.

मालिका वर्षभराची, अर्ध्याच्या वर झालेली. ती काही थांबत नाही. या धंद्यात लेखक देवाला भारी असतो. देव निदान नेलेल्या माणसाला पुढच्या रविवारी परत आणत नाही. लेखकानं तोड काढली. राक्षसाच्या शापानं पांढरीचं चिलखत अंगाला चिकटलं, आता ते निघणार नाही. म्हणजे चेहरा दाखवायला नको. आवाजासाठी ध्वनिमुद्रणवाल्यांनी जुन्या भागांतून तिचे शब्द वेचले. 'हो', 'थांबा', 'मी येते'. एवढ्यावर पांढरी चालली. चिनात्सुच्या आईला विचारलं, तर ती एका शब्दात हो म्हणाली.

मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला कुनियोशी तोत्तोरीला गेला. भटजींचं पठण झालं, पाहुणे जेवून पांगले. काझुए-सान, म्हणजे चिनात्सुची आई, त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली. देवघरात मुलीचा फोटो, पुढे नासपती आणि उदबत्ती, समोर टीव्ही. तिनं घंटावीरांचा नवा भाग लावला.

"पोरीचा चेहरा आहे ते जुने भाग मी बघत नाही," ती म्हणाली. "तो चेहरा आता नवीन काही करायचा नाही. पण ही बघा. ही चालतेय. दर रविवारी नवीन चालतेय."

पडद्यावर पांढरी पंजे आत वळवून दगडांवरून येत होती. कुनियोशीनं खाली मान घातली.

"नवरा म्हणतो, काझुए, आत कुणी बाप्या आहे. मला काय कळत नाही? पण शाळेतून घरी यायची ना, अगदी अश्शी यायची. कोपऱ्यावर दिसली की मी इथं भात लावायची." तिनं हात टेकून जमिनीला कपाळ लावलं. "कुनियोशी-सान, एवढीच विनंती आहे. शेवटपर्यंत असंच चाला. काही बदलू नका."

"उठा हो," तो गडबडून म्हणाला. "नाही बदलणार. शब्द देतो."

शब्द देताना माणूस पुढचं कुठं बघतो? समोर आई डोकं टेकून बसलेली असताना तर मुळीच नाही.

डिसेंबरात शेवटच्या भागांची पटकथा आली. लाल वीर, सगळ्यांचा म्होरक्या, हाच पहिल्यापासून शत्रूचा माणूस निघत होता. त्यानं बाकी तिघांच्या घंटा फोडल्या होत्या. उरली पांढरी. जी वर्षभर मागे सरली ती आता एकटी पुढे जाणार, लालसमोर उभी राहणार, स्वतःची घंटा वाजवणार आणि त्या नादात विरून जाणार. पटकथेत एक ओळ होती: 'पांढरी चालत जाते. आता ती कुणाला भीत नाही.'

तालमीत कुनियोशी चालला. पंजे आत, भार टाचेवर, आधी अर्धं पाऊल मागे. हागिवारा-साननं तालीम थांबवली. पुन्हा करायला लावली, पुन्हा थांबवली. मग सगळ्यांना चहाला पाठवून ती त्याच्या शेजारी गादीवर येऊन बसली.

"कुनी-सान, तुम्ही अजून सप्टेंबरातच आहात."

"मी तिच्या आईला शब्द दिलाय."

"काय म्हणून?"

"चाल बदलणार नाही म्हणून."

 हागिवारा-सान कडक बाई होती, नटांच्या नाकी नऊ आणणारी. पण चिनात्सु गेली तेव्हा आठवडाभर तिनं गॉगल उतरवला नव्हता.

"मी जबरदस्ती करणार नाही," ती म्हणाली. "पण या पोरीला आपण सगळ्यांनी मिळून वर्षभर वाढवलं. शेवटच्या दिवशी भित्री ठेवूनच मारायची का तिला? तुम्हीच ठरवा."

कुनियोशीनं ठरवायचं टाळलं. रिकाम्या तालीमघरात तो दुपारभर एकटा चालत राहिला. चिनात्सु तीस वर्षांची झाली असती तर कशी चालली असती? हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. पंजे जरा सरळ झाले असते, पण पुरते नाही. खांदे मोकळे झाले असते. कुणी हाक मारली तर आधी मान वळली असती, मग पाय. तो एकेक गोष्ट अंगावर घेऊन बघत होता, आणि भिंतीवरच्या आरशात एक बाई येताना दिसायला लागली. तिला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तरी ती चिनात्सु होती यात त्याला शंका उरली नाही. तो आरशाकडे पाठ करून उभा राहिला आणि हमसाहमशी रडला.

शेवटचं चित्रण जानेवारीत तोचिगीच्या खाणीत होतं. राक्षसांशी होणाऱ्या निम्म्या लढाया तिथंच होतात. एखाद्या नटाचं काम संपलं की सगळ्यांसमोर त्याचं नाव पुकारून फुलांचा गुच्छ द्यायची रीत आहे. चिनात्सुचा गुच्छ घ्यायला काझुए-सानला बोलावलं होतं. ती घडीच्या खुर्चीवर लांब कोट घालून, हात शेकायची गरम पुडी मुठीत धरून बसली होती. सगळ्यांसाठी तिनं पेटीभर नासपती आणली होती.

मुखवट्याच्या फटीतून कुनियोशीनं तिला पाहिलं. अजूनही जुनी चाल चालता आली असती. हागिवारा-सान काही बोलली नसती, प्रेक्षकांना कळलं नसतं, आणि त्या माउलीला जे बघायचं होतं ते दिसलं असतं. एवढं सोपं होतं. पण त्याच वेळी त्याला चिनात्सुचं एक बोलणं आठवलं. ती जायच्या आधीच्याच आठवड्यात, डबा खाता खाता तिनं विचारलं होतं, "कुनिताई, पांढरी शेवटी शूर होईल ना हो? तेव्हा कशी चालेल? मला जमेल का?" आणि तो घास चावत म्हणाला होता, "तेव्हाचं तेव्हा बघू."

इशारा झाला. पांढरी चालायला लागली.

ती मागे सरली नाही. खडीवरून सरळ आली, घाई न करता, खांदे सैल सोडून. लालनं हाक मारली तेव्हा तिनं आधी मान वळवली, मग थांबली. प्रकाशवाली माणसंसुद्धा हातातलं काम सोडून बघत राहिली. तिनं घंटा उचलली, वाजवली, आणि गुडघ्यांवर आली.

हागिवारा-सान 'छान' म्हणाली. मग सहायकानं नाव पुकारलं, "पांढरी घंटा, चिनात्सु ओरिहारा-सान, काम संपूर्ण." टाळ्या झाल्या. काझुए-साननं गुच्छ घेतला, चारी दिशांना वाकून नमस्कार केला आणि ती कुनियोशीकडे आली. तो मुखवटा काढायला गेला.

"नका काढू," ती म्हणाली. "ती मागे का नाही सरली?"

"ती मोठी झाली," तो आतून म्हणाला. "मी शब्द मोडला. माफ करा."

"असं." ती त्या चिलखताकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली. "चांगली चालली. ऐटीत चालली. पण मी नाही ओळखत तिला." "एकदा जुनं चालून दाखवाल? कॅमेरा नको. माझ्यापुरतं."

नाही कसं म्हणणार? तो दहा-बारा पावलं मागे गेला आणि चालत आला. पंजे आत वळवले. भार टाचेवर टाकला. तो पुन्हा मागे गेला, पुन्हा आला. या वेळी आधी अर्धं पाऊल मागे सरला. सगळं जिथल्या तिथं होतं आणि मुलगी कुठंच नव्हती. एक बाप्या कुण्या पोरीची नक्कल करत होता. वर्षभर जी चाल झोपेतसुद्धा पायांत होती ती निघून गेली होती. त्यानंच तिला मोठी केली होती, आणि मोठी झालेली पोर त्याच्याकडून आता लहान होईना. तो तिसऱ्यांदा मागे जायला वळला.

"राहू द्या," ती म्हणाली. "पाय दुखत असतील."

ती तिथंच खडीवर बसली. फुलं मांडीत होती. कुणी तरी धावत येऊ लागलं तर हागिवारा-साननं हात करून त्याला थांबवलं. कुनियोशी तिच्या शेजारी बसला, त्या पांढऱ्या चिलखतात अवघडून.

"सप्टेंबरपासून जो तो मला सांगतोय, ती गेली, ती गेली," काझुए-सान म्हणाली. "मी आपली हो म्हणायची. हाडं वेचली, विधी केला, सगळं केलं. पण रविवार आला की वाटायचं, आहे, चालतेय." ती हुंदके देऊन नव्हे, नुसतीच रडत होती. "आज गेली हो ती."

मुखवट्यात रडता येत नाही. फटींवर वाफ धरते आणि समोरचं दिसेनासं होतं. कुनियोशीला आता काही दिसत नव्हतं. फक्त तिचा आवाज ऐकू आला.

"काढा तो आता. गुदमरत असाल."

त्यानं मुखवटा काढला. आतून घामानं निथळलेलं, पन्नाशीचं, दाढीचे खुंट वाढलेलं तोंड बाहेर आलं. तिनं ते बराच वेळ पाहिलं. मग कोटाच्या खिशातून रुमाल काढून त्याच्यापुढे धरला, आणि त्यानं तो घेतला.