जयवंताचा घास

काटेवाडीची धोंडाबाई तोंडाची फटकळ, पण लेकीपुढं तिचं पार लोणी व्हायचं. जयवंता आठ वर्षांची. जन्मापासून तिचे हात ताठर, बोटं सांगितलेलं ऐकत नसत. म्हणून आठ वर्षं धोंडाबाईनं तिला एकेक घास आपल्या हातानं भरवला होता.

त्या दिवशी दुपारी ती डबा घेऊन शाळेत गेली आणि दारातच थबकली. बाकीची पोरं पाटीवर लिहीत होती, आणि जयवंता कोपऱ्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. धोंडाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“गुरुजी, घरी मी पोरीला काडी उचलू देत न्हाय, आन तुमी तिला कामाला जुंपली? शाळा हाय का खळं?”

रामहरी गुरुजी शांतपणे म्हणाले, “पुण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना मी विचारून आलोय, त्यांनीच सांगितलंय. बोटांना रोज काम मिळालं तर ती वळतील, मग पेन्सिल धरतील. शेंगा फोडणं, चिखल मळणं, हेच तिचं औषध. आणि घरी भरवणं बंद करा. तिच्या हातानं जेवू द्या.”

“आन उपाशी ऱ्हायली तर?”

“राहील एखाद्या वेळी.”

धोंडाबाई घरी आली ती डोकं गरगरतच. औषध बाटलीत असतं, लेपात असतं. कामाचं औषध कुणी ऐकलंय? गुरुजींना वेड लागलं, की आपल्याच मायेनं पोरीचे हात तसेच राहिले? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! तिला काहीच उमगेना.

सांजच्याला तिनं भाकरी आणि वांग्याची भाजी जयवंतापुढं ठेवली आणि स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसली. पोरीनं सवयीनं आ केला. धोंडाबाईच्या काळजाचं पाणी झालं.

“तुज्या हातानं खा, बाय.”

जयवंताची बोटं एकमेकांत अडकली. तुकडा पडला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तिनं तो शेंगेसारखा चिमटीत दाबून धरला, भाजीत बुडवला. ताठर हात हळूहळू वर आला आणि सरळ आईच्या तोंडापाशी येऊन थांबला. तिच्या लेखी घास म्हणजे एकीच्या हातानं दुसरीच्या तोंडात जायची वस्तू.

“आये, आ कर.”

नको म्हणावं की खावं? याबद्दल गुरुजी काहीच बोलले नव्हते. धोंडाबाईला रडू फुटलं, आणि रडता रडताच तिनं आ केला. निम्मी भाजी हनुवटीवर सांडली. जयवंतानं ती बोटानं गोळा करून आत सारली, आई रोज सारायची तशी.