एकाच टाकीची लेकरं

घरात सणाची धांदल असावी आणि घरच्या कर्त्याचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं असावं, हे दृश्य आपल्यापैकी प्रत्येकानं कधी ना कधी पाहिलेलं असतं. सांता एलेनाच्या किनाऱ्यावर, लिओन्सिओ मालावेच्या घरी, कोळ्यांचा राखणदार असलेल्या संत पेद्रोच्या सणाच्या सकाळी हीच गत होती. समोर माशाच्या रश्श्याचा वाडगा, त्यावर कांद्याचा थर, बाजूला केळ्याचे तळलेले काप. पण लिओन्सिओ फोन पालथा घालून नुसता बसला होता.

"पुन्हा तक्रार?" थोरली बहीण एतेल्विनानं विचारलं.

"तीच. तळेवाले म्हणतात, तुमची पिल्लं वाढत नाहीत, जरा पाऊस पडून तळ्याचं पाणी पालटलं की पटापट मरतात. जसं काही मी त्यांना उपाशी पाठवतो!"

मालावे भावंडांचं कोळंबीची पिल्लं तयार करून तळेवाल्यांना विकायचं केंद्र होतं. ते वडिलांनी उभं केलं. एका वर्षी समुद्रातून आणलेल्या माद्यांबरोबर रोग आला आणि टाक्याच्या टाक्या साफ झाल्या. जी थोडी कोळंबी वाचली तिच्यावरच वडिलांनी धंदा पुन्हा उभारला, आणि समुद्रातल्या माद्यांना केंद्राचं दार कायमचं बंद झालं. तेव्हापासून दर पिढीतली सर्वांत मोठी, सर्वांत तजेलदार कोळंबी निवडायची आणि तिचीच पिल्लं काढायची, असा त्या घरचा शिरस्ता. लिओन्सिओला त्याचा भारी अभिमान!

आणखी एक रीत वडिलांनीच घालून दिली होती. संत पेद्रोची मूर्ती नावेत बसवून समुद्रावर मिरवायची, आणि केंद्रातली पिल्लं टब भरभरून पाण्यात सोडायची. यंदा सणाचा यजमान लिओन्सिओच होता. दरवर्षीच्या दुप्पट टब सोडीन, असं त्यानं चर्चमध्ये उभं राहून सांगितलं होतं.

"लिओन्सिओ, आज ते टब ओतू नकोस," एतेल्विना म्हणाली. गावच्या शाळेत तिनं जन्मभर जीवशास्त्र शिकवलं होतं, आणि आता केंद्रातली सूक्ष्मदर्शकाची खुर्ची तिची होती.

"ताई, सणासुदीला असं काही बोलू नकोस गं. समुद्राकडून घेतलं, समुद्राला दिलं. यात वाईट काय?"

"देण्यात काही वाईट नाही. देतोस काय, ते बघ."

"लाखो पिल्लं देतोय!"

"पिल्लं लाखो, पण आया किती? मूठभर. आणि त्यासुद्धा एकमेकींच्या बहिणी."

"निवडून निवडून ठेवल्यात मी. एकेक अशी टपोरी!"

"टपोरी तेवढी ठेवलीस आणि बाकी सगळी टाकून दिलीस. त्यातल्या एखादीला थंड पाणी सोसत असेल, एखादीला गोडं, एखादी रोगाला पुरून उरत असेल. हे गुण अंगावर दिसत नाहीत रे. मी शाळेत फक्त गुबगुबीत मुलं पास केली असती, तर तू पहिला आला असतास खरा. पण गावाचं काय झालं असतं?"

लिओन्सिओच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण ताई उठून काचेचे दोन वाडगे घेऊन आली.

पिल्लं विकण्याआधी प्रत्येक केंद्रात त्यांची एक परीक्षा होते. त्यांना थोडा वेळ गोड्या पाण्यात ठेवायचं, परत खाऱ्या पाण्यात घ्यायचं आणि किती तगली ते पाहायचं. घरच्या बियाण्याची कसली परीक्षा घ्यायची, म्हणून लिओन्सिओनं ती कधीच सोडून दिली होती. आज ताईनं ती जेवणाच्या टेबलावरच मांडली. एका वाडग्यात लिओन्सिओच्या सर्वांत लाडक्या टाकीतली पिल्लं होती.

"आणि या दुसऱ्या वाडग्यात?"

"मागच्या शेडमधली. सिरिलो कोळ्यानं समुद्रातून माद्या आणून दिल्या होत्या."

"समुद्रातल्या माद्या? माझ्या आवारात?" लिओन्सिओ ताडकन उभा राहिला.

"आवार अर्धं माझंही आहे. बस खाली. टाकी वेगळी, पाणी वेगळं, जाळीसुद्धा वेगळी. रोगाची तपासणी झाल्याशिवाय एकीलाही आत घेतलं नाही. बाबांची भीती खोटी नव्हती. पण भीती वाटते म्हणून दार कायमचं लावून घ्यायचं, की दारात तपासणी ठेवायची?"

लिओन्सिओ बसला आणि दोन्ही वाडग्यांकडे बघत राहिला. त्याची लाडकी पिल्लं खाऱ्या पाण्यात परतली, आणि जणू कुणी हुकूम सोडल्यासारखी सगळीच्या सगळी तळाला जाऊन पडली. दुसऱ्या वाडग्यातली काही मेली, काही भेलकांडली. पण कितीतरी तुरुतुरु पोहत राहिली.

"ही काही देवदूत नाहीत," एतेल्विना हळूच म्हणाली. "यांच्यातलीही मेलीच की. पण सगळी एकदम नाही मेली. तुझी मात्र एक पडलं की सगळीच पडतात, कारण ती सगळी सारखीच. हीच पिल्लं आपण वर्षानुवर्षं समुद्रात ओततोय. मेली तर वाया गेली. पण जगली, तर समुद्रातल्या कोळंबीशीच संसार मांडणार. असं होता होता समुद्रही आपल्या टाकीसारखा झाला, तर नवी आई आणायला जाशील कुठे?"

रश्श्याचा वाडगा तसाच निवून गेला.

किनाऱ्यावर सगळा गाव लोटला होता. नावांना कागदी फुलांच्या माळा होत्या, बँड वाजत होता, आणि पाद्री मंतरलेलं पाणी घेऊन उभे होते. पिल्लांचे टब ओळीनं मांडले होते. लिओन्सिओ पुढे आला.

"आज हे टब ओतायचे नाहीत."

"यजमानाचा हात आखडला वाटतं!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. लिओन्सिओचे कान तापले. सगळ्या गावासमोर वडिलांची रीत मोडायची! क्षणभर वाटलं, ओतून टाकावेत टब आणि मोकळं व्हावं. पण डोळ्यांपुढून तो वाडगा हलेना.

"हात आखडलेला नाही, बाबांनो! चुकलेला आहे!" तो म्हणाला, आणि सकाळी पाहिलं ते सगळं त्यानं जसंच्या तसं सांगितलं.

संताची मूर्ती सिरिलो यागुआलच्या नावेत होती. त्यानं टोपी मागे सारली. "म्हणजे लिओन्सिओशेठ, इतकी वर्षं तुम्ही समुद्राला तुमचे नातेवाईकच पाठवत होता?"

"हो, आणि सगळे एकाच घरचे!"

या वेळचं हसणं निराळं होतं. "पण मग आज संताला काय द्यायचं?" सिरिलोनं विचारलं. "रिकाम्या हातानं कसं जायचं?"

लिओन्सिओची नजर सिरिलोच्या नावेतल्या पिंपाकडे गेली. ताईच्या शेडसाठी पहाटेच धरलेल्या माद्या त्यात होत्या. अंड्यावर आलेल्या, पारदर्शक पाठीतून अंड्यांचा पट्टा स्पष्ट दिसणाऱ्या. त्याच्या मरू घातलेल्या टाक्यांना यांतली एकेक मादी हवी होती.

"अर्ध्या माझ्या टाकीला," तो म्हणाला, "अर्ध्या समुद्राला. आणि यापुढे मी जितक्या घेईन, तितक्याच इथे सुटतील. संतासमोर शब्द देतो."

तो नावेत चढला आणि पिंपाशी वाकला. नजर सवयीनं सर्वांत मोठ्या मादीवर गेली, हात ती ठेवून घ्यायला निघाला. मग तो थबकला. त्यानं डोळे गच्च मिटले, पिंपात हात घातला आणि हाताला लागली ती उचलून पाण्यात सोडली.

"डोळे का मिटलेस रे?" ताईनं विचारलं.

"उघडे ठेवले की हात मोठीकडेच जातो, ताई."

एतेल्विनाचे डोळे भरून आले. पाद्रींनी पाणी शिंपडलं, बँड पुन्हा वाजू लागला, आणि ते टब आले तसे केंद्रात परत गेले.

पुढच्या सणापर्यंत केंद्रात नव्या आयांची पिल्लं तयार झाली. ती सगळी एकसारखी टपोरी नव्हती, पण पाणी पालटलं तरी तगत होती. त्या सणाला आणखी दोन केंद्रांच्या मालकांनी आपापल्या पिंपांतल्या अर्ध्या माद्या सोडल्या, तेही डोळे मिटून. आता तीच त्या गावची रीत आहे.

वाचकहो, आपल्याला आवडतं तेवढंच चांगलं, असं मानून आपणही किती काय टाकून देतो! बियाणं असो की माणसं, उद्याचं संकट कोण पेलणार हे आज कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून सगळ्या तऱ्हांना जगू द्यायला हवं. आणि निवडायला बसलो की हात कुठे जातो, यावर आपण प्रत्येकानं नजर ठेवायला हवी.