नाव विचारल्यावर

पास्टर भूपेंद्र मागच्या दारातून वाकून आत आले, तरी हातमागाची आडवी दांडी त्यांच्या कपाळाला लागलीच. घरधनी टेकचंद ओशाळला. त्यांचा हात धरून त्याने त्यांना मागाच्या कडेकडेने पुढच्या खोलीत नेले. आंधळगावातल्या कोष्ट्याच्या घरी पाहुणा पुढच्या दाराने येतो, मागच्या दाराने फार तर सूत येते. पण या घराच्या पुढच्या दाराची कडी आठ महिन्यांत कुणी काढली नव्हती. पास्टर लाखनीहून पहिल्यांदाच आले होते, त्यांना हे ठाऊक असायचे कारण नव्हते. त्यांना घेऊन आलेल्या शेजारच्या आनंदाबाईंना सगळे ठाऊक होते. त्या दाराकडे न बघता भिंतीला टेकून बसल्या.

टेकचंदची बायको शकुनबाई त्या बंद दाराला लागूनच बसली होती. पाठ ताठ, हात मांडीवर.

"कवापासून बोलून नाही राहिल्या, भाऊ?" पास्टरांनी विचारले.

"आठ महिने झाले. हूं नाही का चूं नाही."

नागपूरच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या, भगताने लिंबे कापली होती. बाईला बाहेरचे काहीतरी लागले, असे गाव म्हणत होते. टेकचंदनेही तेच मानले, कारण ते मानण्यात त्याची मोठी सोय होती. घरात काय झाले ते त्याच्याइतके नीट कुणाला माहीत नव्हते.

मोनिका त्यांची एकुलती एक. तिने तळ्याकडच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या धम्मदीपशी लग्न केले, तेव्हा टेकचंदने तिच्या नावाने डोक्यावरून आंघोळ केली आणि ते नाव घरात बंद केले. दीड वर्षाने एका भर दुपारी ती या दारात आली. सातवा महिना, पाय सुजलेले. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, एवढेच तिचे म्हणणे होते.

"बाबा, मी मोनिका आहो. माय, दार उघड वं."

टेकचंदने मागावरून उठायचे सोडून धोटा आणखी जोरात मारला. खटखटीत हाक बुडेल असे त्याला वाटले. आत सुताच्या कांड्या भरत बसलेली शकुनबाई उठून आली, तिचा हात कडीला लागला.

"कडी काढशील त माह्यं मेलेलं तोंड पाहाशील," तो म्हणाला.

हात खाली आला. अठराव्या दिवशी भंडाऱ्याला बाळंतपणात मोनिका गेली. मुलगी वाचली. टेकचंदने शकुनबाईला ना लेकीचे तोंड बघू दिले, ना नातीचे. त्या दिवसापासून ती बोलली नाही आणि त्या दारापासून उठून कांड्या भरायला गेली नाही. माग तसाच पडला. रात्रंदिवस एका घरात राहून ती त्याच्याकडे भिंतीकडे बघावे तशी बघे. माणूस किती एकटे पडू शकते ते टेकचंदला या आठ महिन्यांत कळले. तिने एक शब्द बोलावा, मग तो कुठलाही असो, याखेरीज त्याला आता काही नको होते.

पास्टरांनी फडक्यात बांधलेला पवित्र ग्रंथ उघडला.

"यशया नावाचा यहुदी संदेष्टा होता, भाऊ. येशूच्या जन्माआधी सातशे वर्षं त्यानं सांगून ठेवलं, देवाचा अभिषिक्त येईन. तुटल्या मनाले बांधन, कोंडलेल्याले सोडवन. मग प्रभू आला. त्याच्या एका शब्दानं दुष्टात्मे माणसातून निघून जात."

सातशे वर्षांचे थांबणे टेकचंदला अवघड वाटले नाही. विणलेले लुगडे मागावरून उतरवल्यावर विणकर ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, शेवटची सुते कापून टाकत नाही. ती फणीत लोंबती ठेवतो आणि नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा जुन्याला पिळून जोडतो. त्याच्या मागावरही तशी सुते आठ महिने लोंबत होती.

"असं असन त बोला जी तो शब्द," तो म्हणाला.

"प्रभूनं आधी त्या दुष्टात्म्याले नाव विचारलं होतं. नाव सांगा लागलं का त्याचा जोर जाते."

पास्टरांनी शकुनबाईच्या डोक्यावर हात धरला आणि डोळे मिटले.

"या बाईच्या जिवावर बसलेल्या, तुझं नाव काय?"

टेकचंदने हात जोडले होते.

"बोल ना शकुन. शिवी दे, पर बोल."

पास्टरांनी दुसऱ्यांदा विचारले, तिसऱ्यांदा विचारले. शकुनबाईने मान वर केली. इतक्या दिवसांत घसा गंजला होता, पण शब्द स्वच्छ आला.

"टेकचंद."

तीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचे नाव तोंडातून काढले नव्हते. रेशन दुकानात कार्डावरचे नाव विचारले की आनंदाबाईंनी ते सांगायचे, आणि हिने पदर सावरत नुसती मान हलवायची. आनंदाबाईंनी आता पदराचा बोळा तोंडावर दाबला. पास्टरांना त्यातले काय ठाऊक? त्यांच्यासाठी घरधनी नुसता भाऊ होता. नाव मिळाल्यावर त्यांचा आवाज चढला.

"टेकचंद! येशूच्या नावानं तुले हुकूम आहे. हिले सोड. निघ, बाहेर हो!"

टेकचंद उठला. कडी गंजून बसली होती, त्याने ती तळव्याने दोनदा ठोकली. शकुनबाईने गुडघा बाजूला घेऊन त्याला वाट दिली. दार उघडे टाकून तो अनवाणी बाहेर पडला. मागे पास्टरांची प्रार्थना चालूच होती.

तळ्याकडचा रस्ता त्याने कधी पायाखाली घातला नव्हता. धम्मदीपचे घर त्याला दोन ठिकाणी विचारून सापडले. दार लोटलेले होते आणि आत मूल रडत होते. नातीचे नाव काय ठेवले, तेही त्याला माहीत नव्हते. बराच वेळ उभे राहून त्याने दार वाजवले.

"कोन आहे?" आतून धम्मदीपने विचारले.

मोनिकाने त्या दुपारी आपले नाव सांगितले होते. टेकचंदने तोंड उघडले, पण नाव बाहेर निघेना.

"कोन आहे जी?"